गाळणे सावजी

ताडकळसच्या बाजारातून दमूनभागून आलेला माणूस पाय धुतो, घोटभर पाणी पितो आणि घरात बायको असेल तर तिच्यावर ओरडतो. हिरासा सावजी आले, त्यांनी खांद्यावरची पडशी उतरवली, तिच्यातून पाणी गाळायचं फडकं काढलं आणि कपाळाला हात लावून ओट्यावर बसले. मी शेजारच्या दारात जोंधळे पाखडत होते. म्हटलं, "काय झालं हो सावजी? खिसा कापला का कुणी?"

"खिसा कापला आस्ता तर बरं झालं आस्तं, मास्तरीणबाई. तिथल्या आडाचं पानी गाळून प्यालो आन् फडकं तसंच गुंडाळून आनलं. तेच्यातले जीव इकडं आले की वो!"

"मग सोडा आपल्या बारवेत. पाणी ते पाणी."

"वा! उद्या तुमाला उचलून निजामाबादेत नेऊन सोडलं तर चालंल का? मानसं ती मानसं!"

सावजींनी तांब्यात पाणी घेतलं, फडकं त्यात बुडवलं, ऊन लागू नये म्हणून तांब्यावर उपरण्याची सावली धरली आणि हा बाबा आल्या पावली परत ताडकळसला गेला. ते न दिसणारे जीव त्यांच्या आडात सोडून परत यायला त्याला अंधार पडला. सूर्य बुडाल्यावर जैन माणूस जेवत नाही, म्हणून तसाच उपाशी झोपला. मी ही गोष्ट दुसऱ्या दिवशी अख्ख्या गावाला मीठमसाला लावून सांगितली. मला तेव्हा दुसरा उद्योग तरी काय होता!

लग्न होऊन मी त्या गावात आले तेव्हा निजामाचं राज्य होतं. आमचे मास्तर सरकारी शाळेत उर्दूतून शिकवायचे आणि घरी येऊन मराठीतून चिडायचे. पिंगळी स्टेशनावर उतरून बैलगाडीनं हाडं खिळखिळी करत गावाला यावं लागे. आमच्या आणि सावजींच्या घरात एकच भिंत. सावजी मूळचे जिंतूरकडचे. पुढच्या खोलीत गूळ, मीठ, हळद, घासलेट असं किराण्याचं दुकान, मागे एकट्याची चूल. ज्या साली प्लेग आला आणि सगळं गाव रानात झोपड्या घालून राहिलं, त्या साली त्यांची बायको गेली. मूलबाळ नव्हतं. दुसरं लग्न का केलं नाही म्हणून विचारलं की म्हणायचे, "घरात जीव काय कमी हायेत का?"

ते मात्र खरं. बाजेत ढेकूण झाले की आपण काय करतो, बाज उन्हात टाकतो. सावजी बाज सावलीत ठेवायचे आणि शेजारी बसून म्हणायचे, "जा माय, आपल्या मनानं जा." ते आपल्या मनानं जायचे आणि भिंतीच्या फटीतून आमच्याकडे राहायला यायचे. ढेकूण सावजींचे, रक्त मास्तरांचं! गुळाच्या ढेपेला मुंग्या लागल्या की फडक्याच्या टोकानं एकेक मुंगी उचलून बाहेर ठेवायची, आणि तोवर गिऱ्हाईक उभं. दिव्याभोवती चिलटं जमली की दिवाच मालवायचा. कुठंही बसायचं म्हटलं की आधी उपरण्यानं जागा झाडायची. हे सगळं करताना तोंडानं एकच घोष, "जीव हाय त्यो. तेलाबी घर हाय."

पण सगळ्यात मोठा सोहळा पाण्याचा. गावात पिण्याच्या पाण्याची एकच बारव. दगडी पायऱ्या उतरत खाली पाण्यापर्यंत जायचं, पाय बुडवून घागर भरायची आणि वर यायचं. बायकांच्या त्या गर्दीत सावजी हा एकटा पुरुष. घागरीच्या तोंडावर जाड दुहेरी फडकं धरायचं, पाणी गाळायचं आणि मग ते फडकं उलटं करून, थोडं पाणी घेऊन, अलगद त्याच बारवेत खळबळायचं. फडक्यात अडकलेले जीव ज्या पाण्यातले त्याच पाण्यात परत गेले पाहिजेत, असा त्यांचा धर्म. त्याला ते जिवाणी म्हणत. दोन घटका झाल्या की गाळलेलं पाणी पुन्हा गाळायचं. फडकं हातात असेतो शेजारणीच्या घागरीवरही धरायचे, न विचारता. माझ्याही धरायचे. गावानं त्यांचं नाव गाळणे सावजी ठेवलं होतं, आणि त्यांनाही ते आवडायचं असं मला वाटे.

आता नारूबद्दल सांगायला हवं. आजच्या मुलांना नारू माहीत नाही, त्यांचं नशीब चांगलं. उन्हाळा तापला की कुणाच्या घोट्यावर, कुणाच्या पोटरीवर एक फोड यायचा. आग आग व्हायची. फोड फुटला की आतून पांढरं दोऱ्यासारखं टोक बाहेर डोकवायचं. तो जंत. हातभर लांब, माणसाच्या पायात वर्षभर वाढलेला. तो काडीवर गुंडाळत रोज थोडा थोडा बाहेर काढायचा. घाई केली आणि मधेच तुटला की पाय सडलाच म्हणून समजा. ऐन पेरणीच्या तोंडावर निम्मं गाव बाजेवर पाय धरून पडलेलं असायचं. कुणी म्हणे देवाचा कोप, कुणी म्हणे करणी. सावजींच्या घरात मात्र नारू कधी शिरला नाही. ते म्हणत, जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या देवाची कृपा.

एका वर्षी सरकारी डॉक्टर आले. हैदराबादेत शिकलेले, शेरवानी घातलेले, स्वभावानं मऊ. बरोबर पितळेची खुर्दबीन, म्हणजे डोळा लावला की बारीकातलं बारीक मोठं दिसायचं यंत्र. चावडीत टेबल मांडलं, बारवेतलं पाणी काचेवर घेतलं आणि साहेबांनी पहिला मान पाटलांना दिला. पाटलांनी डोळा लावला, मिशीवर ताव दिला आणि म्हणाले, "लय भारी. काळं काळं झाड दिसायलंय."

"वो आप की पलक है," डॉक्टर म्हणाले.

मग सावजी पुढं झाले. आधी स्टूल झाडलं. मग वाकले, ते वाकलेच. आम्ही बायका भिंतीशी उभ्या होतो. शेवटी आमचे मास्तर म्हणाले, "सावजी, दिसतंय का काही?"

सावजींनी डोळा न काढता हात जोडले. "बाई हाय," म्हणाले.

"काय?"

"येक डोळ्याची बाई. शेपूट हाय, आन् दोनी कडंला दोन बोचकी... आरं देवा, अंडी हायेत वो तिची! लेकुरवाळी हाय!"

चावडी हसून लोळायला लागली. डॉक्टर मात्र खूश झाले. "बराबर! एक आँख. और वो अंडेच हैं." मग त्यांनी नीट समजावून सांगितलं आणि मास्तरांनी मराठी केलं. नारूवाला माणूस आग थांबावी म्हणून पाय पाण्यात बुडवतो. तिथं नारू आपली पिल्लं सोडतो. ती पिल्लं ही एक डोळ्याची पाण्यातली कीड खाते. आपण पाण्याबरोबर तिला पितो, आणि पुढच्या वर्षी आपल्या पायातून नारू निघतो.

"आप पानी छानते?" डॉक्टरांनी सावजींना विचारलं. "शाबाश! इसी वास्ते आप के घर में नारू नहीं."

सावजींची छाती एवढी फुगली.

"और छाना हुआ किधर डालते?"

"बारवेतच, साहेब. तेंच्या घरी."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "या अल्ला! यानी गाँव को वापस पिलाते?"

मास्तरांनी याचं मराठी करायला नको होतं. पण मास्तर ते मास्तर, अक्षर न अक्षर सांगितलं. साहेब गेले, आणि संध्याकाळपर्यंत गावात एकच बोलणं झालं: सावजी नारू पाळतो! बारवेत नेऊन सोडतो! पिढ्यान्पिढ्या नारू होता, सावजी जन्माला यायच्या आधीपासून होता, पण गावाला काय, एकदा गुन्हेगार सापडला की सुटल्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी पाटलांच्या शेवंताकाकूनं त्यांना पायऱ्यांवरच अडवलं. "तुमचे पाव्हने तुमच्या रांजनात ठिवा," म्हणाली. दुकानावर गिऱ्हाईक येईना. सावजी दार लावून बसले. भिंतीपलीकडून आवाज नाही की खोकला नाही. मला वाटलं होतं, बरं झालं, जरा शांतता. पण करमेना बाई.

मग एका सकाळी दार वाजलं. सावजी उभे, डोळे तारवटलेले. "मास्तर हायेत का? येक सांगा मला. त्या जीवाच्या पोटात नारू गेला कुठून?"

"माणसाच्या पायातून," मास्तर म्हणाले.

"मंग! कोनी कोनाला आजारी पाडलं? ती बिचारी आपल्या घरात लेकरं घेऊन सुकानं ऱ्हायलीय. आपन तिच्या घरात नारूचा पाय घालायचा, आन् वर म्हनायचं सावजी नारू पाळतो! कामून?"

मास्तरांना सगळ्याचं उत्तर यायचं. त्या दिवशी ते चष्मा शोधायला आत गेले.

त्या सकाळपासून सावजी बारवेच्या वरच्या पायरीवर ठाण मांडून बसले. येईल त्या बाईला म्हणायचे, "पाय दाखीव." आता सांगा, परका पुरुष भर सकाळी बायकांना पाय दाखवायला सांगतो! शिव्या खाल्ल्या त्यांनी, शेवंताकाकूनं घागर उगारली. पण हलले नाहीत. जिच्या पायाला सूज, फोड, तिला त्यांनी वरच बसवायचं आणि स्वतः खाली उतरून तिची घागर भरून, गाळून, घरापर्यंत पोचवायची. पन्नाशी उलटलेला, चुन्यासारख्या पांढऱ्या केसांचा माणूस डोक्यावर बायकांच्या घागरी घेऊन हिंडायला लागला. पोरं म्हणायची, बारवेचा दरोगा. कुणी कौतुक केलं तर चिडायचे, "तुमच्यासाठी न्हाई करायलो माय. तेंच्यासाठी करायलो." आणि हात पाण्याकडे. गावकुसाबाहेरच्या बायकांना बारवेत उतरायला तेव्हा बंदी होती. वर घागरी मांडून कुणी पाणी घालील म्हणून वाट बघत बसायचं. सावजी त्यांच्या घागरीही भरायचे, पण वरून, अंग चोरून. त्या बाबतीत तेही गावाचेच होते, उगाच खोटं कशाला सांगू.

वैशाख संपत आला आणि गंगू आली. मागच्या गल्लीतल्या कुणब्याची सून, तरणीताठी, कडेवर रांगतं पोर. घोट्याला फोड फुटून नारूचं टोक बाहेर आलेलं. मिरग तोंडावर, घरात कामाला दोनच माणसं. गावात नारू काढायचा तो दगडू म्हणून एक होता, त्याला घाई फार. आदल्या वर्षी पाटलांच्या सालगड्याचा नारू त्यानं ओढून तोडला, त्या गड्याचा गुडघा पुन्हा वाकला नाही. गंगूला त्याची धास्ती बसलेली. भिंतीला धरून लंगडत ती बारवेच्या दोन पायऱ्या उतरली आणि सावजी आडवे आले.

"आग आग व्हायलीय सावजी. येकडाव बुडवू द्या."

"न्हाई माय. पानी मी आनून देतो."

"पान्यानं काय व्हतंय? मंग तुमीच काढा ह्यो."

"म्या?" सावजी दचकले.

"तुमीच. गुळातली मुंगी उचलता, तिची तंगडी मोडत न्हाई. तुमच्या हातून माजा नारू तुटायचा न्हाई. दगडूच्या हातात मी पाय देनार न्हाई, मेले तरी."

"गंगू, जीव हाय त्यो. न तुटता निगाला तरी मरतोय की."

"आन् मी कोन हाय?"

बारवेत आम्ही पाच-सहा बायका होतो. गंगूचं पोर कुरकुरत होतं. सावजींनी एकदा खाली पाण्याकडे बघितलं, एकदा तिच्या पायाकडे. आजवर या माणसानं अंगावरचा डास मारला नव्हता. मला वाटलं आता हे रडणार. पण ते म्हणाले, "पायरीवरून ऊठ. वट्यावर चल."

ओटा झाडला, कोमट पाणी केलं, तिचा पाय मांडीवर घेतला. तुरीची काडी तासून गुळगुळीत केली, तिला कापूस लावला, त्यावर नारूचं टोक धरलं आणि अर्धा वेढा दिला. बस्स, तेवढाच. "वढायचं न्हाई," म्हणाले. "तेला वाटलं पायजे, आपन आपल्या मनानं निगायलोय." मग त्या जंताशी बोलायला लागले, "ये बाबा, ये. रागवू नगंस. माफ कर." गंगू दुखण्यानं रडत होती आणि हे ऐकून हसतही होती. काडी पायाला फडक्यानं बांधली, उद्या पुन्हा. रोज बोटभर निघायचा, एखादे दिवशी हट्ट धरून आत ओढ घ्यायचा. सावजी मग दुपारपर्यंत तसेच काडी धरून बसायचे. दुकानात गिऱ्हाईक आपलं आपण मीठ मोजून घ्यायचं.

मिरगाच्या आधी नारू निघाला. अख्खा, न तुटता, शेवईसारखा. गंगू उभी राहिली, पाय आपटून बघितला आणि पोराला उचलून तशीच शेताकडे गेली, मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. सावजींनी तो जंत पानावर ठेवला, त्याची वळवळ थांबेपर्यंत शेजारी बसले आणि मग लिंबाखाली खड्डा करून पुरला.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरातून धूर निघाला नाही. मी भिंतीवर थाप मारली. "सावजी, बरं आहे ना? चूल नाही पेटवली?"

"उपास हाय."

"कशाचा हो? आज ना अष्टमी ना चतुर्दशी."

भिंतीपलीकडून आवाज आला, "त्याचा."

मी तशीच भिंतीला टेकून बसले. हसावं का काय करावं, कळेना.

मग काय, गावाला तेवढंच हवं होतं. नारू पाळणारा सावजी एका रात्रीत नारू काढणारा सावजी झाला. उन्हाळा आला की ओट्यावर पायांची रांग. पहिला मान लागला शेवंताकाकूला, ती आणि तिचा सुजलेला घोटा मान खाली घालून आले. गावकुसाबाहेरचा एक म्हातारा आला, तेव्हा सावजी बराच वेळ त्याच्या पायाकडे नुसते बघत राहिले. हात लावल्याशिवाय तर नारू निघत नाही. शेवटी म्हणाले, "पाय तो पायच," आणि मांडीवर घेतला. त्या दिवशी नंतर त्यांनी आंघोळ केली. पुढं पुढं आंघोळीला वेळच राहिना, मग सोडून दिली.

एक नारू, एक उपास. हा हिशोब त्यांनी कधी मोडला नाही. जेठ महिन्यात धूर दिसायचा तो एखाद्याच दिवशी. धोतराचा कासोटा दोनदा फिरवून खोचावा लागायचा इतके वाळायचे. मी चिडून म्हणायचे, "सावजी, एका उपासात दोन नारू बसवा की!" तर म्हणे, "जीव दोन गेले, पोट येकच हाय. मंग दिवस दोन लागनारच." वेडाच माणूस! पण त्या ओट्यावर सकाळपासून माणसं असायची. पाय मांडीवर दिला की माणूस बोलतोच. कुणाची सासू, कुणाचा जावई, कुणाचं बैल विकणं, सगळं त्या मांडीवर यायचं. सावजी काडी धरून "हाव, हाव" करत ऐकायचे. बायको गेल्यापासून इतका वेळ त्यांच्यापाशी कुणी बसलं नसेल.

हळूहळू पाय कमी व्हायला लागले. बारवेत आजारी पाय जात नव्हता, तर नारू यावा कुठून? त्यातच पाटलांनी बारवेच्या पायऱ्या बांधून बुजवल्या आणि वर रहाट बसवला. स्वतःच्या पायातून नारू निघाल्यावर त्यांना साहेबांचं बोलणं पटलं होतं. सावजी दोरीनं पितळी डोल सोडून जिवाणी अलगद पाण्यात टेकवायचे, एवढंच त्यांचं काम राहिलं.

आणि एका वर्षी चैत गेला, वैशाख गेला, कुणाच्याच पायाला फोड आला नाही. सावजींच्या घरातून रोज धूर निघत होता. अंगावर मूठभर मांस चढलं होतं. गाव मजेत होतं, माणसं झपाझपा चालत रानात जात होती. सावजी मात्र रोज सकाळी ओटा झाडायचे, कोमट पाणी करायचे, तेलाची वाटी, कापूस, तासलेल्या काड्या मांडायचे आणि बसायचे. दुपारी सगळं आवरून आत ठेवायचे.

"मास्तरीणबाई," एकदा मला म्हणाले, "कोनाच्या पायाला काई न्हाई का वो?"

"नाही हो सावजी. नारू गेला गावातून. तुमच्यामुळं गेला."

"चांगलं झालं," म्हणाले. "लय चांगलं झालं." आणि रस्त्याकडे बघत बसले. तेवढ्यात गंगू कडब्याचा भारा घेऊन समोरून गेली. "बरं हाय ना सावजी?" तिनं चालता चालता विचारलं. सावजींनी मान लांब करून तिच्या घोट्याकडे बघितलं. घोटा धडधाकट होता. ती वळणावरून दिसेनाशी झाली तरी ते तिकडेच बघत होते.

मी आयुष्यभर या माणसाची टिंगल केली, पण त्या वेळी मला राहवलं नाही, सांगून टाकते. हातातलं धुणं तसंच पिळ्यासकट बादलीत टाकलं आणि लंगडत त्यांच्या ओट्याशी गेले.

"सावजी, टाचेत काटा मोडलाय मेला. बघता का जरा?"

सावजी एकदम सरळ बसले. माझ्यासाठी जागा झाडली. पाय मांडीवर घेतला, कोमट पाण्यानं धुतला, उजेडाकडे धरला आणि बोटानं चाचपायला लागले. "कसा मोडला? कुठं गेल्ता? मास्तर काय म्हनतेत?" मी बोलत राहिले, मास्तरांची बदलीची भीती, पोरीचं लग्न, जावेचा स्वभाव. काटा नव्हताच. टाच ताटासारखी स्वच्छ होती. आणि गुळाच्या ढेपेत मुंगी शोधणारी ती बोटं, त्यांना हे पहिल्या फटक्यात कळलं असणार.

"आहे का हो?" मी विचारलं.

सावजींनी टाचेला तेल लावलं, वर न बघता.

"हाय," म्हणाले. "पर लय खोल हाय. आज निगायचा न्हाई. उद्या परत यावं लागंल."

"येते," मी म्हटलं.